तोंड तुमचं, पोट माझं

अन्याय झाला तो सिंधूबाईवर. दसऱ्याच्या आधीच्या सोमवारी, भर दुपारी, जिल्ह्याच्या गावी, एका मोबाईल कंपनीच्या थंडगार सेवा केंद्रात, जेवणाची सुट्टी व्हायच्या तोंडावर. हे मी आधीच लिहून मोकळा होतो. कारण पुढं मला बन्सीनानांबद्दल लिहायचं आहे, आणि नानांची गोष्ट निघाली की ऐकणारा हसता हसता मूळ गुन्हेगाराला विसरतो.

बन्सीनाना आमच्या युसूफ वडगावात मोबाईल दुरुस्त करतात, पण मोबाईलच्या पडद्याकडं बघत नाहीत.

त्यांच्या टेबलावर एक लाकडी घोडी आहे. तिच्यात फोन उभा करतात. फोनची पाठ नानांकडं, पडदा गिऱ्हाइकाकडं. गिऱ्हाइकानं समोरच्या स्टुलावर बसून फोन दोन्ही हातांनी धरायचा. नाना मागून उघडतात, फुंकतात, खरवडतात आणि मधूनमधून विचारतात, "काय दिसतंय?"

"उजेड आला, नाना."

"कसला उजेड?"

"पोराचा फोटू..."

"कुणाचा ते इचारलंय का मी? उजेड पांढरा का निळा, एवढंच सांगा."

नानांचे वडील बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकायचे, याच जागेवर. बैल आडवा पाडला की मालकानं त्याच्या तोंडापाशी बसायचं, ही रीत. ठोकणाऱ्यानं फक्त खुराकडं बघायचं. परक्याचं तोंड दिसलं की जनावर बिथरतं. पुढं ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, नानांनी हातोडी ठेवून बारका पेचकस उचलला, रीत तशीच ठेवली. "तोंड तुमचं, पोट माझं," हे त्यांचं पालुपद. दुकानाला पाटी नाही. लोक हेच वाक्य पत्ता म्हणून सांगतात.

आता आमच्याकडं कुलपाचा आकडा चोरून सांगायची पद्धत नाही. माणूस पायरीवरूनच ओरडतो, "नाना, पोराचं जन्मसाल टाका, उघडतंय." नाना तत्काळ कानात बोटं घालतात आणि मोठ्यानं एसटीच्या गाड्या पुकारायला लागतात. "केज, कळंब, अंबाजोगाई, बार्शी." आकडा सांगणारा थकून गप्प बसेपर्यंत गाड्या सुटत राहतात. एकदा खरोखरच एक म्हातारी कळंबची गाडी समजून पिशवी घेऊन दुकानात शिरली होती.

आणि एवढं सोवळं पाळून नाना कारागीर म्हणून थोर आहेत असंही नाही. त्यांच्या हातून फोन जोडून झाला की एखादा स्क्रू उरतोच. तो कागदाच्या पुडीत बांधून गिऱ्हाइकाला देतात. वर म्हणतात, "कंपनीनं जास्तीचा टाकलाता." लोक ती पुडी घरी नेऊन जपून ठेवतात.

या माणसाचा मला हेवा वाटतो. पत्रकात हा शब्द चालत नाही, तिथं 'निषेध' लिहितात. पण हे पत्रक नाही.

मी दुरुस्तीच्या हक्कासाठी लढतो. 'फोन तुमचा, चावी कुणाची?' हे गुलाबी पत्रक माझंच. कंपन्या फोन असे चिकटवून बंद करतात की आपल्याला उघडता येऊ नये. सुटा भाग गावात मिळू देत नाहीत. आणि बाहेर उघडलात तर तुमची माहिती चोरीला जाईल, अशी भीती घालतात. ती भीती निव्वळ खोटी नाही, हेच खरं दुखणं आहे. आमच्याच भागात एका पोरीचा फोन दुरुस्तीला गेला आणि तिचे फोटो चार गावांत फिरले. तिनं कॉलेज सोडलं. मी हे सगळं पत्रकात मुद्देसूद लिहिलं. बाजारात वाटलं. लोकांनी विचारलं, "कोणत्या पक्षाचा हायेस?" उरलेली पत्रकं भजीवाल्यानं नेली.

आणि नाना काहीच सांगत नाहीत, काहीच वाटत नाहीत, तरी सगळं गाव आपला जीव त्यांच्या घोडीत उभा करतं. माझी आई मला तिच्या फोनला हात लावू देत नाही. "ठेव, त्यात मपलं काहीबाही असतंय." तीच आई नानांसमोर तासभर खुशाल बसते आणि घरी येऊन सांगते, "बन्सीनं बघितलंसुदा न्हाई." जणू मी रोज बघतो.

तर सिंधूबाई.

सिंधूबाई आणि तिचा नवरा दसरा झाला की ऊसतोडीला जातात, ते उन्हाळ्यातच परततात. त्यांची मुलगी दुर्गा सहा-सात वर्षांची. तिला ऐकू येत नाही, बोलता येत नाही. आजवर ती आईबरोबर फडावर जायची. पण मागच्या हंगामात मागं येणारा ट्रॅक्टर तिला ऐकू आला नाही. थोडक्यात वाचली. म्हणून या वर्षी तिला गावातच आत्याकडं, गंगाबाईकडं ठेवायचं ठरलं. गंगाबाई नानांच्या दुकानासमोर भाजी विकते.

दुर्गाच्या खुणा तिच्या तिनंच तयार केलेल्या आहेत आणि त्या फक्त आईला कळतात. पोटावर हात फिरवला म्हणजे भूक नाही, पोट दुखतंय. बोटांवर फुंकर मारली म्हणजे भूक, कारण भाकरी गरम असते. सिंधूबाईनं उन्हाळाभर एकेक खूण मोबाईलमध्ये घेतली होती. पोरीला जेव्हा जे वाटलं तेव्हाच, कारण सांगून ती करत नाही. मागून स्वतःच्या आवाजात अर्थ सांगितला होता. हे सगळं गंगाबाईसाठी. आणि दसरा चार दिवसांवर आलेला असताना तो फोन जनावरांच्या हौदात पडला.

सेवा केंद्रातल्या टायवाल्यानं सांगितलं, "बोर्ड बदलावा लागेल. आतलं सगळं जाईल."

ती म्हणाली, "आतलं तेवढं काढून द्या, मग काय बी बदला."

"ते आम्ही करत नाही."

"मग कोण करतंय?"

"बाहेर उघडलात तर परत इथं आणू नका." एवढं बोलून तो डबा घेऊन आत गेला.

हे मला एसटी स्टँडवर कळलं. ती नणंदेबरोबर, गंगाबाईबरोबर, गाडीतून उतरली, फोन पदरात गुंडाळलेला. मी पत्रकं घेऊन तिथंच होतो. माझा संताप झाला, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. इतका स्वच्छ अन्याय रोज मिळत नाही. मी तिला तिचे हक्क सांगितले. तक्रार कुठं करायची, पुरावा कसा जोडायचा, सगळं. मग म्हणालो, "ताई, फोन माझ्याकडं द्या. मी शहरात ओळखीच्या माणसाकडून आतलं काढून आणतो."

तिनं पदर घट्ट धरला. "तुमाला कावून देऊ, दादा? तुमी कोन?"

मी कोण हे पत्रकाच्या खाली छापलेलं होतं. तिनं पत्रक घेतलं, घडी घातली आणि सरळ नानांच्या दुकानाची वाट धरली. मी मागोमाग गेलो. कोणी बोलावलं नव्हतं.

नानांनी फोन हातात घेतला, हुंगला. "हौदाचा वास हाय. बसा, माय. तोंड धरा." मग मला, "काय बे पुढारी, तू कशाला आलास?"

"साक्षीदार म्हणून."

"मग भिंतीकडं तोंड करून उभा राहा. साक्ष कानानं दे."

पुष्कळ वेळ काहीच झालं नाही. मग नानांनी आत कुठंतरी अंगठा दाबला आणि सिंधूबाई म्हणाली, "आला. उजेड आला. पांढरा." नानांनी अंगठा जरा सैल केला. उजेड गेला. पुन्हा दाबला, आला. फोन नानांच्या अंगठ्यावर जगत होता. एक हात अंगठ्याला, दुसरा बॅटरी धरायला. नाना म्हणाले, "मला आता हलता येत न्हाई. काय काढायचं ते काढा. बिगीबिगी."

गंगाबाईच्या फोनवर एकेक व्हिडिओ पाठवणं सुरू झालं. नीट गेला का ते पाहायला प्रत्येक तिथं लावून बघायचा. नानांनी डोळे गच्च मिटले. पण दोन्ही हात अडकलेले, कानात बोटं घालणार कशी? गाड्या पुकारायला तोंड उघडलं आणि "केज, कळंब" एवढं म्हणून मिटलं. सिंधूबाईचा आवाज ऐकू येत होता. "असं केलं की तिला भ्या वाटतंय. जवळ घ्या." पुढचा. "असं केलं की ती रुसली. काय बोलू नका, आपोआप येती." पुढचा. "असं केलं की..."

नाना डोळे मिटूनच म्हणाले, "माय, असं म्हंजी कसं?"

सिंधूबाईनं व्हिडिओ थांबवला.

"न्हाई, पोर दिसभर इथंच माझ्या पायरीवर आसनार. गंगाबाई गिऱ्हाइकात गुतली आन् तिनं मला काय सांगितलं, तर मला कळाय पायजे." मग थांबून, अवघडल्यासारखं, "बघू का?"

मी भिंतीकडून वळून बघत होतो, हे मान्य. सिंधूबाईनं नानांच्या मिटलेल्या डोळ्यांकडं बघितलं. मग गंगाबाईच्या हातातला फोन त्यांच्याकडं वळवला आणि म्हणाली, "बघा."

नानांनी डोळे उघडले. मीही एक पाऊल पुढं आलो.

"तुला कुणी म्हनलं बघ?" नाना माझ्याकडं न बघता म्हणाले. "भायेर."

बाहेर मी त्या पायरीवर बसलो आणि आत दुसऱ्याच माणसाला मिळत असलेला मान ऐकत राहिलो. माझी सगळी भाषणं एका बाजूला आणि ते अवघडलेलं "बघू का" एका बाजूला. इतकी जळजळ मला निवडणुकीत पडूनही झाली नव्हती.

शेवटचा एक व्हिडिओ राहिला आणि फोन विझला. नानांनी अंगठा कसाही दाबला तरी उजेड येईना. सिंधूबाई म्हणाली, "राहू द्या नाना. त्यात काय सांगायचं नव्हतं. नुसती हसतीय ती."

नानांनी फोन बंद करून दिला. त्या दिवशी एकही स्क्रू उरला नाही. दसऱ्यानंतर टोळी निघाली तेव्हा सिंधूबाईनं तो बंद फोन पदराच्या गाठीत बांधून नेला. मी बघितलं आहे.

मी नवं पत्रक लिहिलं, नानांचं नाव घालून. परवानगी मागायला दुकानात गेलो. थंडीची दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं. नानांनी पत्रक वाचलं आणि म्हणाले, "माझं नाव काढ." मी चिडून विचारलं, "इतक्या वर्षांत तुम्ही खरंच कुणाचा पडदा बघितला नाही?"

"बघितलाता. एकदा." ते चष्मा पुसत होते. "सूनबाईचा. पुण्याहून आलतं पोरगं आन् ती. फोन अडकत व्हता, मला म्हनली, मामंजी बघा जरा. मी घोडीत न घालता हातातच धरला. घरचाच हाय म्हनलं. तर मपलंच नाव दिसलं. आता आपलं नाव दिसल्यावर माणूस वाचतंयच का न्हाई?"

"काय होतं?"

"'नाना दिवाळीला इकडं येतो म्हणतायत. काहीतरी सांगून टाळ.' पोराला लिव्हलंतं."

संतापायची मला सवय आहे, तेच केलं. म्हणालो, "ही काय रीत झाली सुनेची?"

"तिचं काय चुकलं बे?" नाना पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले. "तिनं मला सांगितलंतं का? तिच्या घरातलं बोलनं. मीच शिरलो आत." चष्मा डोळ्यावर चढवून ते पुन्हा पेचकस शोधायला लागले. "तवापासून पोराचा फोन यायच्या आदीच मी लावतो. म्हनतो, दिवाळीत दुकानात लई काम हाय, यायला जमायचं न्हाई. बिचाऱ्यांना खोटं बोलाय लागत न्हाई."

दिवाळीत नानांचं दुकान बंद असतं. हे अख्ख्या गावाला माहीत आहे.

तेवढ्यात दुर्गा पायरीवर आली. माझ्याकडं तिनं बघितलंही नाही. नानांकडं बघून तिनं तळहात जमिनीवर दोनदा टेकवला आणि मग छातीशी नेला. नानांनी हातातला उघडा फोन तसाच फडक्याखाली झाकला, गुडघे धरत उठले, आणि पायरीवर जाऊन तिच्या शेजारी बसले. ती त्यांच्या दंडाला टेकली. दोघं समोरच्या भाजीकडं बघत बसले.

"नाना, ही खूण कसली?" मी विचारलं.

"ते माझं न्हाई सांगायचं," नाना म्हणाले. "तिच्या आईनं मला दावलंय, तुला न्हाई."

आता मागणी. ती सरकारकडं नाही, तुमच्याकडं आहे. त्या विझलेल्या फोनात एक हसणारी पोरगी अजून आहे, उसाच्या फडात, पदराच्या गाठीत. ती काढून देणं हे आमचं काम नाही असं म्हणणारा माणूस रोज सकाळी काउंटर उघडतो. उद्या तुमचा फोन तिथं जाईल. समोर उभे राहा. फोनचं तोंड स्वतःकडं ठेवा. आतलं आधी काढून द्या म्हणा. विचारल्याशिवाय बघायचं नाही, विचारल्याशिवाय पुसायचं नाही, एवढं कबूल करून घ्या. त्यानं कबूल करेपर्यंत जेवणाची सुट्टी होऊ देऊ नका.