अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न

जीप वस्तीच्या तोंडाशी थांबली तेव्हा बद्रीनाथ सरांनी काच खाली करून विचारलं, "मॅडम, इथं माणसं राहतात ना?"

"राहतात तर!" वहिदा मॅडम म्हणाल्या खऱ्या, पण त्यांनाही शंका आली. भर दुपार होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कुत्री होती, पण ती भुंकत नव्हती. नुसती बघत होती.

विद्यापीठातल्या प्राध्यापकांना गावात जाऊन कसं शिकवायचं हे शिकवणं, ही वहिदा मॅडमची नोकरी. दारात उभं राहून प्रश्न फेकू नका; आधी बसा, पाणी घ्या, तब्येतीची चौकशी करा, असं त्या सगळ्यांना सांगत. सगळे मान डोलवत आणि दारात उभं राहून प्रश्न फेकत. बद्रीनाथ सर संख्याशास्त्राचे. 'समाजातून शिक्षण' हा विषय त्यांच्या गळ्यात जबरदस्तीने पडला होता. "ही एक सहल करतो," त्यांनी आधीच बजावलं होतं, "बोजवारा उडाला, तर पुढच्या बैठकीत हा विषय बंद करा म्हणून मीच उभा राहीन." विषय बंद म्हणजे वहिदा मॅडमचा विभागही बंद. म्हणून त्यांनी पिशोर गावाच्या पुढची ही वस्ती निवडली होती. इतर कॉलेजांनी सांगितलं होतं, वस्ती म्हणजे सोनं. उत्तरं अगदी तयार.

विद्यार्थ्यांना घेऊन दोघं पहिल्या घरापाशी गेले, तर कडी वाजवण्याआधीच दार उघडलं. उंबऱ्यावर पाण्याचे पेले मांडलेले होते. जितकी माणसं, तितकेच पेले.

"पाण्याची काय परिस्थिती आहे?" सरांनी दारात उभं राहूनच विचारलं.

आतल्या बाईने उसासा टाकला. समोरच्या डोंगराकडे बघितलं. मग सावकाश म्हणाली, "पाणी हाय, पण चव गेली."

"वा!" सर खूश झाले. "लिहून घ्या रे."

दुसऱ्या घरी दार आपोआप उघडलं. पेले. उसासा. डोंगर. "पाणी हाय, पण चव गेली."

तिसऱ्या घरी तेच. पलीकडे जमिलाबींचं घर होतं. तिथं वहिदा मॅडमना जरा हायसं वाटलं, निदान इथली भाषा तरी वेगळी. जमिलाबींनी उसासा टाकला, डोंगराकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पानी हैच, पन मजा नै रही."

विद्यार्थी एकमेकांना चिकटून चालायला लागले. लिंबाखाली एक म्हातारा बाजेवर गाढ झोपला होता. त्यांची सावली अंगावर पडताच त्याने डोळे न उघडता उसासा टाकला. "चव गेली," असं पुटपुटून तो कुशीवर वळला. त्यापुढच्या ओट्यावर एक चिमुरडी चिंध्यांच्या बाहुलीला मांडीवर घेऊन समजावत होती, "डोंगराकडं बघ आधी. मग बोल."

कावेरी नावाच्या विद्यार्थिनीने वहिदा मॅडमचा हात घट्ट धरला. "मॅडम, या लोकांना काहीतरी झालंय."

सरांचा चेहरा उतरला होता. "सगळ्यांचं उत्तर शब्दाला शब्द सारखं? असं निसर्गात होत नसतं, मॅडम. चाळीस टक्के, साठ टक्के, हे समजू शकतो. हे काहीतरी वेगळंच आहे."

"सर, आपण परत जाऊ."

"थांबा. मी पडताळा घेतो." ते आशाबाई नावाच्या बाईच्या उंबऱ्यापाशी गेले. उसासा टाकून तिने डोंगराकडे मान वळवली, तेवढ्यात सरांनी मध्येच विचारलं, "बाई, आज कालवण काय केलंय?"

आशाबाईची मान तिथंच अडकली. ओठ हलले, आवाज आला नाही. डोळे मोठे झाले. मग तिने एकेक पेला उचलला आणि दार हळूच लावून घेतलं.

शेजारचं दार लागलं. मग त्याच्या शेजारचं. आवाज न करता गल्लीतली सगळी दारं एकामागून एक लागत गेली. कुठंतरी आत थाळी वाजली.

"जीपकडे चला," वहिदा मॅडम म्हणाल्या. सगळे जवळजवळ पळतच जीपशी आले. जीप होती. ड्रायव्हर मुबारक नव्हता.

जीपमागून कडूबा नावाचा उंच, वाळका माणूस पुढे आला. त्याने बोटाने 'चला' अशी खूण केली. नाही म्हणायची कुणाचीच छाती झाली नाही.

त्याने सगळ्यांना समाजमंदिरात नेलं. बाहेरच्या उन्हातून आल्यामुळे आत आधी काहीच दिसेना. मग हळूहळू दिसलं. मघाशी दारं लावून घेतलेल्या बाया भिंतीला लागून ओळीने बसल्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन. मधोमध साळूबाई नावाची पांढऱ्या केसांची म्हातारी. आणि तिच्या बाजूला मुबारक, बशीत चहा ओतून पीत.

"बैठो मॅडम," तो म्हणाला, "डरो नक्को."

साळूबाईने सरांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "सर," ती दुखावल्या आवाजात म्हणाली, "तुमी अभ्यासक्रमाबाहेरचं विचारलं."

"म्हणजे?"

"मागं एक मास्तर आलता. घरोघर उत्तरं येगळी आली म्हणून एका पोरीवर असा वरडला, असा वरडला! ती पोरगी हितं पायरीवर बसून रडली. जेवली बी नाय. आमच्या जिवाला लागलं. लेकरं नापास व्हायला नको, म्हणून सगळ्यांनी मिळून एकच उत्तर ठरवलं. तवापासून समदी कॉलेजं खूश हायेत. आन आज तुमी कालवण काढलं!"

"ते आमचं ठरलंच नव्हतं ना," आशाबाई रडवेली होऊन म्हणाली. "वांगं सांगावं का डाळ, मला काय माहीत?"

"पण केलं काय होतं?" सरांनी विचारलं.

"काय बी नाय. पाणी आणायला गेलते."

सरांनी बूट काढले आणि प्रथमच खाली मांडी घातली. त्यांनी काही विचारायच्या आत साळूबाईनेच विचारलं, "तुमच्याकडं कसं हाय पाण्याचं?"

"आमच्याकडे नळ आहे," सर सवयीने म्हणाले. मग त्यांचा आवाज बदलला. "आठवड्याने येतो. शहरात औरंगपुऱ्यात राहतो आम्ही, तिसऱ्या मजल्यावर. खालचा नळाला मोटर लावतो, वर थेंब पोचत नाही. बायको भांडून भांडून थकली. आता ती त्याच्याशी बोलत नाही, आणि माझ्याशीही."

बायांच्या ओळीतून 'चक् चक्' असा आवाज उमटला. जमिलाबी म्हणाल्या, "या अल्ला, इतना पढके भी?" आणि मग सगळ्याच एकदम बोलायला लागल्या. आटलेला आड, बिघडलेला हापसा, हंड्याने धरलेली कंबर. एकीचं दुसरीशी जुळत नव्हतं. विद्यार्थी भराभर लिहीत होते. सर कुणावरही ओरडले नाहीत.

निघताना साळूबाईने विचारलं, "तुमच्या घरी येतं का कोणतं कॉलेज शिकायला?"

"नाही."

"मग आमी येतो."

सर हसले. वहिदा मॅडमही हसल्या. साळूबाई हसली नाही.

परतीच्या वाटेवर सरांनी हा विषय पुढच्या वर्षीही आपल्याकडेच मागून घेतला.

नंतरच्या एका रविवारी वहिदा मॅडमचा फोन वाजला. पलीकडून सर कुजबुजत होते.

"मॅडम, ते आलेत."

"कोण?"

"दार उघडलं तर समोर साळूबाई. मागं जिन्यावर, खालपर्यंत, सगळ्या बाया. बोलत नाहीत काही. नुसत्या बघतायत. काय करू?"

प्राध्यापकांना मदत करणं हीच तर वहिदा मॅडमची नोकरी होती. "घाबरू नका, सर. आधी त्यांना बसवा. पाणी द्या."

फोनवर रिकामा हंडा खडखडल्याचा आवाज आला.

"नळ परवा येणार आहे, मॅडम."

त्यामागून साळूबाईचा शांत आवाज आला, "पाणी आमी संगं आणलंय, सर. आधी त्या खालच्या मोटारवाल्याचं दार दाखवा."