सेड्रिकची हरकत

विनिफ्रेडने परवान्याचा अर्ज पुढे सरकवला आणि सेड्रिकने मुकाट्याने सही केली. इंग्लंडमधल्या नॉरफक परगण्यातल्या एका गावात बत्तीस वर्षं पब चालवणारा हा गडी भल्याभल्या पिणाऱ्यांना मानगूट धरून बाहेर काढायचा, पण बायकोपुढे त्याचं काही चालत नसे. आता दर शनिवारी संध्याकाळी तिचा भाऊ डेस्मंड पबमध्ये ट्रॉम्बोन, म्हणजे ते लांबलचक पितळी वाद्य, वाजवणार होता. डेस्मंड वाजवायला बसला की कुत्रीसुद्धा गल्ली बदलत.

सेड्रिक मात्र निर्धास्त होता. गाण्याबजावण्याच्या परवान्यासाठी निळ्या कागदावरची नोटीस अठ्ठावीस दिवस दारावर लावावी लागते. कुणी हरकत घेतली की सुनावणी. शेजारच्या टटलबाईंनी तर चर्चच्या घंटेविरुद्धही तक्रार केलेली.

"टटलबाई, आवाज फार होईल हां," तो मुद्दाम सांगून आला.

"होऊ दे की. मी कानातलं यंत्र काढून ठेवीन. शेजाऱ्याच्या पोटावर कशाला पाय देऊ?"

सत्ताविसाव्या दिवशी सेड्रिकने स्वतःच हरकत लिहिली. निनावी पत्र चालत नव्हतं, म्हणून खरं नाव घातलं. हरकतीची प्रत अर्जदाराला जाते आणि अर्जदार तोच. बायकोला कळायचं कारणच नव्हतं.

सुनावणीला विनिफ्रेड नवी टोपी घालून, भावाला घेऊन पहिल्या रांगेत हजर.

"अर्जदार?" परवाना समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं. सेड्रिक उभा राहिला.

"हरकतदार?" सेड्रिक उभाच.

"तुम्ही बसा हो. त्यांना उठू दे."

"मीच तो," सेड्रिक पुटपुटला.

अध्यक्षबाईंनी दोन्ही सह्या ताडून पाहिल्या. "दोघांनी आपसात मिटवायचा प्रयत्न केला का?"

"केला. जमलं नाही."

"घरी चल, मी मिटवते," विनिफ्रेड म्हणाली.

परवाना मंजूर झाला. सेड्रिकने मनाची समजूत घातली, शनिवारी आपण गळ घेऊन नदीवर जावं.

"एक अट आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "हरकतदार पबच्या वरच राहतात. त्यांना त्रास होतो का, हे अर्जदाराने वादन संपेपर्यंत तिथे बसून, स्वतः ऐकून नोंदवायचं. एक शनिवार चुकला तर दारूचाही परवाना जाईल."

डेस्मंडला भरून आलं. त्याने सेड्रिकचे दोन्ही हात धरले.

"दाजी, शेवटपर्यंत बसून ऐकणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं हो."