पाचवं भरलं घर

मी अठ्ठावीस वर्षांचा झालो त्या दिवशी सुपडाभाऊंनी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि बजावलं, "वर्षभर नीट वाग बे. भरल्या घरात राहून राह्यला तू."

मलकापूर स्टेशनात मी पार्सल बाबू आणि सुपडाभाऊ मालगाडीच्या डब्यांचे नंबर उतरवून घेणारे. गाडी लागली की कडेकडेने चालायचं आणि नंबर वहीत लिहायचे, एवढंच काम. पण सुपडाभाऊ नंबराची घरची चौकशी करत. कशाकशाने भाग जातो ते उभ्या उभ्या मनात काढत. एक सोडून कशानेच भाग जात नसला तर त्या डब्यासमोर हळहळत, "याले कोणी नाही, बाबू." तिकडे ड्रायव्हर शिट्ट्या देऊन दमे.

भरलं घर म्हणजे काय, हेही त्यांनीच सांगितलं. अठ्ठाविसाला एक, दोन, चार, सात आणि चौदाने भाग जातो. बेरीज करा, पुन्हा अठ्ठावीस. कमी नाही, जास्त नाही. अशी चार घरं त्यांना सापडली होती: सहा, अठ्ठावीस, चारशे शहाण्णव, आठ हजार एकशे अठ्ठावीस. रिटायर व्हायच्या आत पाचवं शोधायचंच, हा त्यांचा हट्ट. हातात उरलं होतं एक वर्ष.

मध्यंतरी वीस लाखांच्या पुढे एक घर सापडलं म्हणून त्यांनी हमालांपासून मास्तरांपर्यंत सगळ्यांना चहा पाजला. कपबश्या विसळून होताहेत तोच त्यांनी कपाळावर हात मारला. त्या घराला भाग जाणाऱ्या ज्या दोन हजार सत्तेचाळीसला एकटा समजून सगळं मांडलं होतं, त्याला चक्क तेविसाने भाग जात होता! पुढे आठवडाभर त्यांनी एकाही डब्याची चौकशी केली नाही.

मग एका दुपारी धापा टाकत आले. "बाबू, बेरीज तू कर. मले माझा भरवसा नाही राह्यला."

वहीत एक नवा आकडा आणि खाली त्याला भाग जाणारे पंचवीस आकडे. पहिला एक, शेवटचा पावणेदोन कोटींच्या जवळ. मी वरून खाली बेरीज केली, मग खालून वर केली. शेवटचा हातचा मिळवला आणि अंगावर सरसरून काटा आला. तीन कोटी पस्तीस लाख पन्नास हजार तीनशे छत्तीस. तोच आकडा! एवढ्या अफाट पसाऱ्यात एकाचाही फरक नाही. हे कोणी मांडून ठेवलं असेल?

त्याच भरात मी खामगावच्या एका गणिताच्या प्राध्यापकांना हे सांगितलं. ते हसले. हा आकडा शेकडो वर्षांपूर्वीच कोणा परदेशी माणसाने लिहून ठेवला होता; त्याचं नावही कोणाला ठाऊक नाही.

चार दिवस मी सुपडाभाऊंना टाळलं. मग राहवेना, सांगून टाकलं. ते बाकावर बसले आणि वही उघडून त्या पंचवीस आकड्यांवरून बोट फिरवू लागले. बायको जाऊन वीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही. या माणसाचं होतं नव्हतं ते मी हिसकावून घेतलं, असं वाटून मला रडू यायला लागलं.

"म्हणजे तोही असाच बसला असन, भागत?" त्यांनी विचारलं.

"हो, सुपडाभाऊ."

"अन् सापडल्यावर सांगाले त्याले कोणी होतं का?"

"ते कोणालाच माहीत नाही."

त्यांना त्या माणसाचं फार वाईट वाटलं.

"मले तर तू होता बे," ते म्हणाले.