चांदी मावशीचं चौथं प्रकरण

आमच्या चांदी म्हशीनं मानवशास्त्रात पीएच.डी.ला नाव घातलं आणि अभ्यासाला तिला आमचंच घर मिळालं. अर्ज माझ्या वडिलांनी, आण्णांनी, भरून दिला, कारण खुरानं लई खाडाखोड होते.

चांदी आईच्या माहेरहून आली, रेडकू असताना. म्हणून ती आईला आक्का म्हणते आणि मी तिला मावशी.

त्या वर्षी गल्लीत बरीच जणं संशोधनाला लागली होती. मगदूमांच्या मांजरीनं विषय घेतला होता, माणसं फ्रिज उघडून काहीच न घेता परत का लावतात. पंचायतीतली पाल, साहेब येणार म्हटल्यावर माणसं खुर्चीत कशी बसतात ते बघत होती. मुंग्यांनी सगळ्यांनी मिळून नातेसंबंध घेतले, कारण कुणाच्या घरची साखर कुणाकडं जाते हे त्यांचं आधीच पाठ होतं. कोंबड्याचा विषय ‘अजून पाच मिनिटं’ हा होता. तो चिडका झाला होता, पण डेटा भरपूर होता म्हणे.

गाइड म्हणजे एक खिलार बैल. ते पहिल्यांदा आले तेव्हा आईनं ओवाळलं. सर म्हणाले, “पूर्वी आमची लोकं लांब रानात जाऊन माणसांची डोकी मोजायची. आता तसं राहिलं नाही. लग्नात, दवाखान्यात, मोबाइलमध्ये, झोपेत, माणूस जिथं सापडेल तिथं शास्त्र. माणसं संपतील, विषय संपायचे नाहीत.”

आण्णांनी विचारलं, “मग आमच्यात काय सापडंल, सर?”

“ते चांदीबाई ठरवतील.”

मावशीनं आग्रह हा विषय ठरवला. जेवताना पाहुणा नको म्हणतो, तरी वाढतात, तरी तो खातो. हे का, एवढंच. दारातनं तिचं अंग आत मावेना, म्हणून पंगत अंगणात आणली. मावशी बघायची, रवंथ करायची आणि मग सांगायची. मी लिहायची. नववीत मी एकदा राहिले, पण अक्षर माझं चांगलंय.

काम ती कडक करायची. पहिलं नको हा नुसता नमस्कार असतो, हे तिनं आठवड्यात काढलं. दुसरं नको म्हणजे पळी थांबतीय का हे बघणं. मामा ताटावर हात आडवा धरायचा तेव्हा तिनं मला त्याच्या बोटांमधली फट मोजायला लावली. आमटीला फट बोटभर, तुपाला चार बोटं.

मामा म्हणजे भुजगोंडा मामा, आईचा सख्खा भाऊ. तो म्हणाला, “काय गं पायल, पट्टी घेऊन काय बसलीयास? सुखानं गिळू दे की.”

“मावशीचं काम हाय.”

“मग मोज बाई. लिही, भुजगोंडाची फट सगळ्यात मोठी.”

सगळं बरं चाललं होतं. पण तिसऱ्या प्रकरणात मावशीनं मलाच घातलं. ‘घरातली मुलगी अभ्यासाला बसते तेव्हा भूगोलाच्या पुस्तकात मोबाइल असतो. निरीक्षणं एकोणीस.’ लिहिणारी मीच, तरी लिहिलं. आण्णांनी ते प्रकरण अंगणात मोठ्यानं वाचलं आणि माझा मोबाइल ज्वारीच्या कणगीत गेला.

मी म्हटलं, थांब मावशी.

चौथं प्रकरण लिहिताना मी मधे तीन पानं माझी घुसडली. त्यात लिहिलं, की पाहुणा तिसऱ्यांदा नको म्हणाला की घर त्याचं होतं. घरातली सगळी जणं उठून बाहेर जातात, दार ओढून घेतात आणि कडी वाजवतात. आतला विचारतो, कोण? बाहेरचे म्हणतात, पाहुणे. मग तो दार उघडतो, पाट मांडतो आणि वाढतो. आता या घरच्यांनी तिसऱ्यांदा नको म्हटलं, की घर परत फिरतं. खाली लिहिलं, ‘निरीक्षणं चाळीस.’ चाळीस हा आकडा मला भारदस्त वाटला.

प्रबंध गेला. महिन्यानं गाइड सरांचा निरोप आला, की अख्ख्या प्रबंधात चौथं प्रकरण एक नंबर आहे. बाहेरचे परीक्षक पुढच्या रविवारी स्वतः येऊन ती चाल बघणार आहेत. दिसली तर पदवी. नाही दिसली तर प्रबंध रद्द, आणि नियमाप्रमाणं मावशीनं हे घर सोडून दुसऱ्या जिल्ह्यात दुसरं घर घ्यायचं. पहिल्यापासून.

आईनं निरोप ऐकला आणि ती गोठ्यात जाऊन मावशीची पाठ घासायला लागली. ती सकाळीच घासून झाली होती.

दुपारी मावशीनं हाक मारली.

“पायल, पान बावन्न ते चोपन्न मी रवंथ करून बघितलं. येईनात.”

मी तिच्यापुढची वैरण सारखी करायला लागले.

“मी जे बघितलंय ते परत तोंडात येतंच. ही तीन पानं माझ्या पोटात नाहीत.”

“माझी हायत,” मी म्हटलं. “मोबाइलवरनं राग आला होता.”

तिनं कान हलवला. “मला वाटलंच. अक्षर जरा जास्तच चांगलं होतं.”

“मावशी, नाटक करू या की. रविवारी तेवढं. आण्णांना, मामाला शिकवते मी.”

“परीक्षक म्हातारे रेडेसर आहेत. नाटकाला वास येतो. आणि मी खोट्यावर डॉक्टर होणार नाही. रविवारी खरं सांगेन आणि जाईन.”

“आणि खरंच तसं झालं तर?”

मावशी बराच वेळ चघळत राहिली. मग म्हणाली, “चाळीस वेळा झालं तर खरं. एकोणचाळीस झालं तर खोटं. आणि मी कुणाला सांगणार नाही, नुसती बघणार.”

सहा दिवस होते. मी घरात सगळं कबूल केलं. आण्णांनी चप्पल शोधली, ती माझ्याच पायात होती, म्हणून ते थांबले. मग म्हणाले, “आपल्या म्हशीचं शिक्षण आपल्या पोरीनं बुडवलं असं गावात नको. लागा कामाला.”

पहिली सापडली मगदूमांची राजाक्का. विरजण मागायला आली होती. आईनं चहा विचारला. नको. घे की गं घोटभर. नको वैनी. अर्धा कप? नको म्हटलं न्हवं! आम्ही तिघं उठलो, बाहेर गेलो आणि दार ओढलं. आण्णांनी कडी वाजवली.

आतनं आवाज आला, “आवं, काय झालं? कोण हाय?”

“पाहुणे!”

“तुमचंच घर हाय की वो!”

“आता तुझं हाय,” आण्णा म्हणाले. “उघड, उन्हात उभं करतीस व्हय पाहुण्यांना?”

राजाक्कानं दार उघडलं. मग पदर खोचला, पाट टाकले आणि आमच्याच डब्यातलं आलं ठेचून चहा टाकला. आमच्यात कधी आलं घालत नाहीत. आण्णांनी दोन कप घेतले. आई पाटावर बसून होती. आपल्याच स्वयंपाकघरात पाटावर बसून चहा पिताना तिला मी पहिल्यांदा बघितलं. ती म्हणाली, “राजाक्का, इथनं आमची फळी किती वाकडी दिसती गं.” आणि हसायलाच लागली.

तिसरं नको आम्ही संध्याकाळी म्हटलं. तोवर राजाक्कानं आमची फळी सरळ करून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी राजाक्कानं स्वतःच्या घरी तेच केलं, कारण तिच्या नणंदा आल्या होत्या आणि नणंदांना चुलीपुढं बसवायची तिची जुनी इच्छा होती. मंगळवारी पाच झाले. बुधवारी कोळी आडनावाच्या शेजाऱ्यांचं घर मगदूमांकडं आणि मगदूमांचं आमच्याकडं होतं, आम्ही कोळ्यांकडं कांद्याची थालीपीठं खात होतो. कोळ्यांच्या म्हाताऱ्यानं तीस वर्षांत कुणाला वाढलं नव्हतं. त्यानं चटणी पळीनं वाढली. सगळ्यांनी डोळ्यांतनं पाणी काढत खाल्ली आणि तिसरं नको कुणी म्हणेना, कारण म्हातारा रंगात आला होता. शाळेचे हेडमास्तर दाखला द्यायला म्हणून एका घरी गेले आणि दोन दिवस ते घर त्यांनी चालवलं. नीट चालवलं. पोरांची नखं कापली.

मावशी गोठ्यातनं बघत होती. दिसत नव्हतं ते मुंग्या येऊन सांगायच्या, पण ती दोन साक्षीदार असल्याशिवाय धरायची नाही.

शनिवारी संध्याकाळी मी विचारलं, “किती?”

“एकोणचाळीस.”

“हेडमास्तरांचं धरलंस?”

“धरलं.”

“मग उद्या मामा!” मी म्हटलं. मामावर माझा भरवसा होता. तीन नको म्हटल्याशिवाय तो पाणीसुद्धा पीत नाही.

रविवारी सकाळी रेडेसर टेम्पोतनं उतरले. थोराड, शिंगं मागं वळलेली, चालणं सावकाश. सोबत गाइड सर. अंगणात पंगत मांडली. अख्खी गल्ली कुंपणाला लागली. आईनं पुरणपोळ्या केल्या होत्या.

मामा बसला. आईनं पोळी पुढं केली. “नको,” मामा म्हणाला. कुंपणावर सगळ्यांनी श्वास धरला. “घे की रे दादा.” “नको गं.” आता एकच. आईनं तूप सोडलेली पोळी मामाच्या नाकासमोर धरली. “घे रे, एवढी एक.”

मामानं पोळीकडं बघितलं. मावशीकडं बघितलं. परत पोळीकडं बघितलं.

“वाढ,” तो म्हणाला.

राजाक्कानं कपाळावर हात मारला. मामा तोंडात घास घेऊन रडकुंडीला आला. “आवं, मी काय करू? आठवडाभर सगळ्यांनी आपापली घरं फिरवली, मला कुणी बोलावलं न्हाई. भूक लागलीया खरीखरी!”

रेडेसरांनी मान हलवली. “चांदीबाई, चाळीस लिहिलंय तुम्ही.”

मावशी म्हणाली, “एकोणचाळीस आहेत, सर. आणि ती पानं लिहिली तेव्हा एकही नव्हतं.” सरळ सांगून टाकलं. आईनं पदर तोंडाला लावला. मी मावशीच्या मागच्या पायाला धरून उभी राहिले.

रेडेसर म्हणाले, “वाईट वाटतं. निघतो मी.”

आता कुणी घरातनं रिकाम्या पोटी निघालं, तर आईला गप्प बसवत नाही. तिनं डोळे पुसत पेंडीची पाटी उचलली. “आल्यासारखं दोन घास घ्या, सर.”

“नको. परीक्षकानं घ्यायचं नसतं.”

“उन्हाचं आलाय.”

“नको.”

“थोडीशी. भिजवलेली हाय.”

“नको, बाई.”

आम्ही सगळे उठलो. कुणी कुणाला खुणावलं नाही. आठवड्यात पायांना सवय झाली होती. आण्णा, आई, मामा घासासकट, गाइड सर, कुंपणावरची गल्ली, सगळे फाटकाबाहेर गेलो. मावशीसुद्धा दावं सोडवून आली. फाटक ओढून घेतलं. आत अंगणात रेडेसर एकटे, पाटीजवळ उभे.

मी कडी वाजवली.

मग खुरांचा आवाज आला. फाटकाशी थांबला.

“कोण?”

“पाहुणे,” आण्णा म्हणाले.

आत फुसकन श्वास सोडल्याचा आवाज आला. शिंगानं कडी निघाली. रेडेसर बाजूला सरकले.

“या,” ते म्हणाले. “उन्हात का उभे? बसा.”

त्यांनी नाकानं एकेक पाट सरळ केला. पुरणपोळ्यांचं ताट ढकलत ढकलत पंगतीतनं फिरले. मामाला दोनदा. गाइड सरांना वैरण घातली. कोळ्यांच्या म्हाताऱ्याला विचारलं, तिखट काही देऊ का. मग पेंडीची पाटी शिंगाला अडकवून पंगतीच्या टोकाला आले, मावशीसमोर.

“डॉक्टर चांदी,” ते म्हणाले, “पेंड वाढू?”

मावशी लाजली. खाली बघत म्हणाली, “नको.”

सरांनी पाटी तशीच धरून ठेवली.