बारावं गिऱ्हाईक

टीव्हीच्या पडद्यावरची आडवी हिरवी रेघ जानेवारीत दोन मिलिमीटर होती. ऑगस्टमध्ये ती साडेतीन झाली. बातम्या देणाऱ्या बाईंना त्यामुळे बरोबर नाकाखाली मिशी यायची. हे मोजमाप घरच्या कर्त्या पुरुषाचं. ते वजनमापे निरीक्षक होते. बाजारातले तराजू तपासणं हे त्यांचं काम, आणि न मोजता घरात काही आणणं हे त्यांच्या मते पाप.

नवा टीव्ही आणि डिस्क प्लेअर घ्यायचं आठ महिने ठरत होतं. बजेट आखूड चादरीसारखं. टीव्ही झाकला की प्लेअर उघडा. घाई फक्त आईंना होती. चाळीस वर्षं शाळेत कवायत शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. निरोप समारंभात मुख्याध्यापिका त्यांच्याबद्दल काय बोलल्या, ते त्यांनी ऐकलंच नव्हतं. त्या वेळी त्या मागच्या रांगेतल्या मुलांना गप्प करत होत्या. समारंभाची डिस्क मिळाली होती, ती लावायला घरात काही नव्हतं.

"अरे, माझे कान शाबूत आहेत तोवर घे," त्या म्हणायच्या.

"किमतींचा तक्ता पूर्ण होऊ दे, आई."

शेवटी एका रविवारी बायकोने दोघांना दुकानात नेलं. "अहो, तिथे टेप काढायची नाही," तिने बजावलं.

त्यांनी टेप काढली. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एका टीव्हीचा पडदा खोक्यावर लिहिल्यापेक्षा अर्धा इंच कमी भरला. दुकानदाराने आधी टेप ओळखली, मग ती धरणारा माणूस, आणि त्याला घाम फुटला.

"साहेब, निम्म्या किमतीत न्या. वर प्लेअर फुकट!"

"ही लाच झाली."

"मग छापील किंमत द्या."

"छापील किंमत कोण देतं?" बायको म्हणाली. "सगळ्यांना सूट मिळते."

"सगळ्यांना किती मिळते?" निरीक्षकांनी विचारलं. "तेवढीच मी घेईन."

"ते साहेब, गिऱ्हाइकाच्या तोंडावर असतं."

हे उत्तर शास्त्राला धरून नव्हतं. निरीक्षक स्टूल ओढून, वही उघडून बसले. बारा गिऱ्हाइकं पाहायची आणि सरासरी काढायची.

साहेब लिहून घेताहेत म्हटल्यावर घासाघीस करायची दुकानदाराची छातीच होईना. गिऱ्हाइकाने मागावं आणि त्याने द्यावं. बातमी बाजारभर झाली. सातवं गिऱ्हाईक म्हणजे शेजारचा भांडीवाला, आपला गल्ला उघडा टाकून आला. नवव्याने दोन टीव्ही नेले. दुसरा कशाला, ते त्यालाही सांगता येईना.

"अहो, आपल्या बजेटमधले सगळे संपत आले."

"सरासरी मात्र झकास उतरतेय."

"आता भिंतीवर सरासरीच टांगा."

उरला एक छोटा टीव्ही आणि त्याला जोडलेला दाखवण्यापुरता प्लेअर. आईंनी आपली डिस्क त्यात केव्हाच सरकवली होती. पडद्यावर पाहुण्यांचं न संपणारं भाषण एकदाचं संपलं. मुख्याध्यापिका उठल्या. त्यांनी माइकवर टिचकी मारली.

तेवढ्यात बारावं गिऱ्हाईक आलं. "हा जोड केवढ्याला?" असं विचारत त्या गृहस्थाने डिस्क काढायच्या बटणाकडे बोट नेलं.

"हात खाली!" आई कडाडल्या.

गृहस्थाचे दोन्ही हात खाली गेले. दुकानदाराचेही गेले, शिवाय टाचा जुळल्या.

"पण आजी, मी विकत घेतोय," गृहस्थ चाचरत म्हणाला आणि त्याने पाकीट काढलं.

"आपल्या बाईंबद्दल," पडद्यावरून आवाज आला, "मला एकच गोष्ट सांगायची आहे..."

दुकानदाराने निरीक्षकांकडे पाहिलं. निरीक्षकांनी वहीकडे पाहिलं. अकरा नोंदी. बाराव्यावाचून सरासरी अपुरी होती. मग त्यांनी आईंकडे पाहिलं. त्या कानामागे हात धरून, श्वास रोखून पडद्याकडे झुकल्या होत्या.

"हा आम्ही घेतला," ते म्हणाले. "प्लेअरसकट. तुम्ही सांगाल त्या किमतीला."