कर्णिककाकांचा शेवटून पहिला क्लब

शनिवारी दुपारी सामना सुरू झाला, की कर्णिककाकांच्या घरात पाणी प्यायला उठायचीही सोय नसे. मी एकदा फ्रीज उघडून दही काढत होतो. तेवढ्यात तिकडे स्कॉटलंडमध्ये गोल झाला आणि बाहेरच्या खोलीतून आरोळी आली, "हलायचं नाही!" उरलेला सामना मी फ्रीजचं दार धरून उभा होतो. दार लावायलाही परवानगी नव्हती. दही कोमट झालं, मी गार पडलो, पण आम्ही जिंकलो.

आम्ही म्हणजे स्कॉटलंडच्या चौथ्या, सगळ्यात खालच्या विभागातला एक छोटासा क्लब. २०१५-१६च्या हंगामात तो त्या विभागातही तळाला होता. काकांच्या भाषेत, "शेवटून पहिला."

क्रिकेट बघताना जोडी जमली की कुणी जागा सोडायची नाही, हा नियम आपल्याकडे घरोघरी पाळतात. काकांनी तो नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला आणला आणि फुटबॉलला लावला. हा माणूस चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करतो. पुराव्याशिवाय ऑफिसात कुणाला एक स्क्रू फिरवू देत नाही. मी त्यांच्याकडे वरच्या खोलीत भाड्याने राहायचो. एकदा धीर करून विचारलं, "काका, तुमच्या सोफ्यावर बसण्याचा आणि तिकडच्या गोलचा संबंध काय?"

"संबंध नाही, हे तू सिद्ध कर. तोवर बस."

एका शनिवारी ते सुपरमार्केटमध्ये चीजच्या काउंटरसमोर उभे असताना फोनवर गोलची बातमी आली. झालं. सामना संपेपर्यंत काका तिथेच. काउंटरवरची डच बाई पुन्हा पुन्हा येऊन "काही मदत हवी का?" विचारायची आणि काका लाजेखातर दर वेळी एक तुकडा घ्यायचे. आठवडाभर आम्ही पोळीबरोबरसुद्धा चीज खाल्लं.

हे सामने टीव्हीवर दिसत नसत. क्लबच्या वेबसाइटवर अधूनमधून एखादी ओळ उमटायची. "कॉर्नर." मग बराच वेळ काहीच नाही. तो एक शब्द काका असा वाचायचे, की वाटावं मैदान खिडकीबाहेरच आहे.

मराठी मंडळात बाकी सगळे श्रीमंत क्लबांचे भक्त. दिवाळीच्या कार्यक्रमात एकाने सगळ्यांसमोर टोमणा मारला, "कर्णिक, एखादी जिंकणारी टीम घ्या की आता!"

काका म्हणाले, "टीम काय भाजी आहे, दाबून बघून घ्यायला?"

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. बलवानाच्या मागे उभे राहा, विजेत्याचा शर्ट घाला, हरणाऱ्याकडे पाठ फिरवा, असं सगळा बाजार आपल्या कानात रोज ओरडत असतो. त्या बाजारात हा टकलू, चष्मेवाला माणूस विटका स्कार्फ गुंडाळून तळाच्या अकरा जणांशी इमान राखून होता. ते मला कुठल्याही मोर्च्याइतकंच मोलाचं वाटायचं.

एका शनिवारी गोल झाला आणि काकू पोळी लाटता लाटता अडकल्या, मी शेजारी अडकलो. मी हळूच म्हटलं, "काकांना फुटबॉल भलतंच कळतं हो."

"ह्यांना? ओ की ठो कळत नाही. ऑफसाइड म्हणजे काय विचार बघू." काकू लाटणं हवेत धरूनच बोलत होत्या. "हे सगळं इराचं आहे."

इरा त्यांची मुलगी. इथेच वाढलेली. मराठी समजायचं, पण उत्तर डचमध्ये. मोठी होत गेली तसं उत्तर देणंही कमी झालं. मग ती स्कॉटलंडला शिकायला गेली आणि फोनवरचं बोलणं दोन वाक्यांत संपू लागलं. एकदा मैत्रिणींबरोबर ती त्या क्लबचा सामना बघायला गेली आणि तिने मैदानाचा फोटो पाठवला. काकांनी विचारलं, कोण जिंकलं? तिने स्वतःहून फोन केला, आपली टीम हरली म्हणून सांगायला.

"पुढच्या शनिवारी ह्यांनी पुन्हा विचारलं. वर म्हणाले, मला इंग्रजीतून खेळ कळत नाही, मराठीत सांग. शुद्ध थाप! पण ती सांगते. 'बाबा, बॉल खांबाला लागून परत आला, सगळे लोक अरेरे केले.' तासभर बोलतात दोघं."

आणि आता नियम असा होता, की तळाच्या क्लबने लीगबाहेरच्या स्थानिक स्पर्धा जिंकून आलेल्या क्लबशी दोन सामने खेळायचे. हरला तर थेट लीगबाहेर.

"क्लब गेला, तर ती तिथे कशाला जाईल?" काकू म्हणाल्या. "आणि नाही गेली, तर ह्यांच्याशी काय बोलेल?"

मे महिन्यात ती वेळ आली. पहिला सामना बरोबरीत सुटला होता. दुसरा घरच्या मैदानावर, इरा प्रेक्षकांत. इकडे काका लॅपटॉप घेऊन सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात, काकू पोळपाटाशी, मी फ्रीजपाशी. सामना संपत आला तरी गोल नाही. कुणी खोकतही नव्हतं.

तेवढ्यात वर चार्जिंगला लावलेल्या काकांच्या फोनवर इराची ठरलेली रिंगटोन वाजली. चालू सामन्यात इराने कधीच फोन केला नव्हता. काका ताडकन उठले.

"अहो, जागा!" काकू ओरडल्या.

"खड्ड्यात गेली जागा!"

त्या उभ्या डच जिन्यावरून काका धडपडत वर गेले आणि स्पीकर लावूनच खाली आले.

"बाबा, त्यांना पेनल्टी मिळाली. मला एकटीला बघवत नाही. तू बोलत राहा."

"मी आहे. डोळे मीट. आई पण आहे इथे. मी आहे."

फोनमधून लांबून एक जल्लोष आला. आपला नव्हता.

"गेला, बाबा," इरा म्हणाली. थोड्या वेळाने शेवटची शिट्टीही ऐकू आली.

काका स्वयंपाकघराच्या मधोमध उभे होते. म्हणाले, "घरी जा आता. थंडी असेल."

"नाही. कोणीच जात नाहीये. ऐक."

तिने फोन उंच धरला असावा. टाळ्या. मोजक्याच माणसांच्या, विखुरलेल्या, पण संपतच नव्हत्या. हरलेले खेळाडू मैदानात उभे, आणि त्यांची माणसं त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत होती. काकांनी फोन ओट्यावर ठेवला आणि तेही वाजवू लागले. काकूंनी पिठाच्या हातांनी साथ दिली. मग मीही.

"इरा, आमच्या येतायत का ऐकू?"

"येतायत," ती म्हणाली. "थांबू नका."