नवा द्वारपाळ आणि उचलता पूल यांची हकीकत

जो सर्वांस वाट दाखवितो आणि आपण जागचा हलत नाही, त्यास प्रथम नमन करून, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पक्षी जे वर्तमान घडले ते जैसे घडले तैसे लिहिले असे. राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. राज्य लहान. पूर्वेस गॅलरी, पश्चिमेस जिना, दक्षिणेस शेजाऱ्यांची भिंत आणि उत्तरेस आभाळ, इतुकीच सरहद्द. प्रजा म्हणावी तर नव्हती; महाराज आणि राणीसाहेब दोघेच राज्य करीत आणि दोघेच भांडी आवरीत. महाराजांनी चाकरीच्या काळी नद्यांवर बहुत पूल बांधिले आणि मग निवृत्त जाहले. राणीसाहेब महाविद्यालयी पदार्थविज्ञान शिकवीत असत, त्याही निवृत्त जाहल्या. दरबारी एक संगणक होता आणि त्यात जग पाहावयाचे एक गवाक्ष होते, ज्यास सकळ लोक ब्राउझर म्हणतात. ते गवाक्ष फार जुने. चौकट राखाडी, उघडावयास वेळ लागे, आणि उघडेतो महाराज चष्मा पुसून घेत, म्हणोन चष्मा सदा स्वच्छ असे. त्या गवाक्षाच्या माथ्यावर पत्ता लिहावयाची पट्टी होती आणि त्या पट्टीत जणू एक म्हातारा द्वारपाळ बसला होता, त्यास घरची सर्व माणसे ठाऊक. एक अक्षर दाबावे आणि त्याने पुढले ओळखावे. बी दाबिले की बँक, एस दाबिले की राणीसाहेबांच्या ताऱ्यांचे नकाशे, आणि एच दाबिले की पूल. कधी महाराजांस विजेचे बिल भरणे असे आणि द्वारपाळ त्यांस राणीसाहेबांच्या शब्दकोड्यापाशी नेऊन सोडी, मग महाराज बिल विसरून तीन आडवे शब्द सोडवीत आणि मग विजेचे लोक स्मरणपत्र धाडीत. परंतु द्वारपाळावर कोणी रागे भरले नाही.

आता पूल म्हणजे काय ते लिहितो. दूर उत्तरेस कोण्या थंड मुलखात एका नदीवर दोन पाखांचा लोखंडी पूल होता, गलबत आले की मधोमध दुभंगून वर उचलला जाई आणि गलबत गेले की पुन्हा मिटे. आणि तेथे कोणी एक कॅमेरा लाविला होता, तो दिवसरात्र पुलाकडे पाहत असे. महाराजांस तो पूल काही वर्षांमागे सहज फिरता फिरता सापडला. त्या पानावरली भाषा दोघांसही येत नव्हती. पानाच्या तळाशी ठळक अक्षरांत एक ओळ होती, ती पूल बांधिल्याचा शिलालेख असावा ऐसे महाराजांचे मत. पुलावर पिवळे जाकीट घातलेला एक रखवालदार होता, तो सायकल कठड्यास टेकवून सावकाश आत जाई आणि पूल उचली. त्यास दोघांनी दगडोबा नाव ठेविले, कारण पावसात वाऱ्यात तो कधी घाई करीत नसे. राणीसाहेब भाजी निवडीत विचारीत, "दगडोबा आला का?" आणि महाराज सांगत, "आला. आज मफलर आहे." ऐसा नित्यक्रम. महाराज एके दिवशी बोलिले होते, "मी जन्मभर पूल बांधले ते हलू नयेत म्हणून. हा हलतो म्हणूनच चांगला." मग यंदा दिवाळीनंतर त्या पुलामागे उंच क्रेन येऊन उभे राहिले आणि पानावर एका नव्या उंच पुलाचे चित्र आले, ते पाहताच महाराजांनी ओळखिले की हा पाडणार. कधी पाडणार ते वाचिता येईना. तेव्हापासून महाराज रोज एच दाबून पाहत आणि पूल जागेवर दिसला म्हणजेच जेवावयास बसत.

चंपाषष्ठीचे दिवशी राणीसाहेबांच्या धाकट्या भगिनी कुमुदबाई आणि त्यांचे यजमान विद्याधरराव, म्हणजे महाराजांचे साडू, वांग्याचे भरीत आणि रोडगे जेवावयास आले. विद्याधरराव बँकेतून निवृत्त होऊन आले होते आणि ज्या घरी जात त्या घरचा संगणक दुरुस्त केल्याखेरीज उठत नसत. त्या सुमारास जुने गवाक्ष नित्य तक्रार करी की माझी आवृत्ती आता सुरक्षित नाही, आणि बँकेने तर त्यातून आत घेणेच बंद केले होते, म्हणोन राणीसाहेबांनीच सांगितले, "विद्याधरराव, नवीन घालून द्या." जेवणे जाहली, महाराज आडवे जाहले, आणि साडूंनी बाह्या सारून काम मांडिले, आणि घटकाभरात जुने गवाक्ष गेले, नवे आले. चौकट पांढरी, कोपरे गोल, बटणे जेथे होती तेथे नाहीत, आणि जेथे नव्हती तेथे तीन ठिपके. मग महाराज उठले, चहा घेतला, खुर्चीत बसले, चष्मा पुसू लागले तो गवाक्ष आधीच उघडलेले. त्यांनी एच दाबिले. नव्या द्वारपाळाने अदबीने पुढे केले: हॉटेल, हेडफोन, होम लोन, हेअर डाय. महाराजांनी पुन्हा दाबिले. पुन्हा तेच.

"मला हेअर डाय कशाला?" महाराज बोलिले. महाराजांच्या मस्तकी केस नव्हते.

"घेऊन ठेवा भाऊसाहेब, स्वस्त आहे," विद्याधरराव बोलिले. महाराज हसले नाहीत. "माझा पूल कुठे गेला?"

"कसला पूल?"

"इथे होता. एच दाबलं की यायचा."

तेव्हा विद्याधरराव उत्साहाने सांगू लागले, "अहो, मशीन किती जड झालं होतं. मी सगळा केर काढला. हिस्टरी, बुकमार्क, कॅश, सगळं साफ. आता बघा कसं पळतंय."

"विद्याधरराव, आपल्या वयात हिस्टरी तेवढीच उरलेली असते," महाराज बोलिले आणि उठून गॅलरीत गेले. मग कुमुदबाई यजमानांस बोलिल्या, "आपल्या घरचाही केर कधी काढत जा," आणि साडूंचा चेहरा उतरला, आणि ते बोलिले, "पत्ता सांगा ना, टाइप करतो, एका मिनिटाचं काम." तेव्हा सर्वांच्या ध्यानी आले की पत्ता कोणासच ठाऊक नाही. इतुकी वर्षे त्या वाटेने रोज गेले, परंतु वाट द्वारपाळास ठाऊक होती, यांस केवळ एच ठाऊक. नगराचे नाव ठाऊक नाही, नदीचे नाही, देशाचेही नाही. पुलाचे आपण ठेविलेले नावही नव्हते. त्यास आपला पूल इतकेच म्हणत. साडूंनी पट्टीत 'उचलता पूल कॅमेरा' ऐसे लिहून पाहिले तो जगभरचे पूल आले, एकाहून एक थोर, आणि त्यांत तो नव्हता. नवा द्वारपाळ बाजारातील सर्वांची आवड जाणत होता आणि या घरची जाणत नव्हता. त्या दिवशी महाराज रात्री जेवले नाहीत. राणीसाहेब बोलिल्या, "एवढं काय आहे त्यात? सांगा तरी." महाराज बोलिले, "माझा नदीवरचा पूल पाडला ना, फ्लायओव्हरसाठी, तेव्हा त्यांनी मला बोलावलं होतं. ताप आहे म्हणून कळवलं मी."

"ताप नव्हता तुम्हाला."

"नव्हता. इथे तरी शेवटपर्यंत बसायचं ठरवलं होतं."

दुसरे दिवशी सकाळी राणीसाहेबांनी भिंतीवरला जुना जगाचा नकाशा उतरविला, जेवणाच्या मेजावर पसरिला, वर्गातली लांब पट्टी घेतली, आणि विद्याधररावांस फोन करून बोलाविले, "या आता, केर काढलात तर पूल शोधायलाही या." मग तिघे मेजाभोवती बसले आणि राणीसाहेब शांतपणे बोलिल्या, "पूल कुठे आहे ते आपल्याला माहीत नाही. पण सूर्य त्याच्यावर कधी येतो ते आपण रोज बघितलंय. तेवढ्यावर जागा काढता येते. मला सांगा, पाडव्याला तिथे केव्हा उजाडायचं?"

महाराज बोलिले, "पाडव्याचं कुणाला आठवतंय."

"मला आठवतंय. एका वर्षी पाडवा आणि सारख्या दिवसरात्रीचा दिवस लागून आले होते. गुढी उभी केली, न्याहारी झाली, मी श्रीखंडाचे वेलदोडे कुटत होते आणि तुम्ही म्हणालात, आत्ता ऊन आलं पुलावर. त्या सुमाराला पृथ्वीवर सगळीकडे सूर्य तिथल्या सहा वाजता उगवतो. म्हणजे आपला सूर्योदय आणि माझे वेलदोडे, यातलं अंतर हेच आपलं आणि पुलाचं अंतर."

"वेलदोड्यांवरून रेखांश," विद्याधरराव बोलिले, "ताई, हे बँकेत चाललं नसतं."

"म्हणून तुम्ही बँकेत होतात," राणीसाहेब बोलिल्या. मग हिशेब ऐसा केला की अंतर चार तासांहून थोडे अधिक, तासास पंधरा अंश, म्हणजे पूल आपल्या पश्चिमेस साठ-पासष्ट अंशांवर; आणि उन्हाळ्यात तेथे आपल्या न्याहारीस उजाडे आणि थंडीत आपली ताटे वाढेतो दिवे जळत, सूर्योदय चार तासांवर मागेपुढे सरके, आपल्याकडे सव्वा तासही सरकत नाही, म्हणजे जागा फार उत्तरेस. राणीसाहेबांनी पट्टी ठेवून दोन रेघा ओढिल्या आणि त्या जेथे मिळाल्या तेथे थंड समुद्राचा एक किनारा निघाला, त्यास नद्या बहुत. तेव्हा महाराज, जे इतका वेळ हाताची घडी घालून होते, ते पुढे वाकले आणि बोलिले, "समुद्राजवळच बघा. धक्क्याच्या शिडीला खाली चिखल दिसायचा, आणि थोड्या वेळाने पाणी. भरती येते तिथे. आणि पात्र अरुंद पाहिजे. असली वजनाने तोललेली पाखं रुंद नदीवर कुणी घालत नाही." मग विद्याधरराव नव्या गवाक्षात आकाशातून घेतलेला नकाशा उघडून एकेका नदीवरून खाली उतरू लागले. नव्या गवाक्षाची रीत तिघांसही नवी. महाराजांनी जुन्या सवयीने डाव्या कोपऱ्यात मागे जावयास दाबिले तो सर्व पाने मिटली आणि अर्ध्या दिवसाचे काम गेले. विद्याधरराव काही बोलिले नाहीत, हे त्यांचे थोरपण येथे नमूद करितो. त्यांनी तीन ठिपके दाबून 'मिटलेली पाने उघडा' हे कलम काढिले आणि सर्व पाने जशीच्या तशी परत आली. महाराज बोलिले, "हे जुन्यात होतं का?" साडू बोलिले, "असेल. आपण कधी बघितलं नाही." मग महाराजांनी चष्मा काढून पुसला आणि बोलिले, "दाखवा पुन्हा."

शुक्रवारी दुपारी, पाचव्या की सहाव्या नदीच्या मुखापाशी, राणीसाहेबांनी पडद्यावर बोट ठेविले. धक्क्यावर कॅमेऱ्यात रोज दिसे तोच वाकडा दिव्याचा खांब होता आणि त्याची सावली पाण्यात पडली होती. "हाच." गावाचे नाव तेथे लिहिलेले होते, ते विद्याधररावांनी पट्टीत घातले, पुढे कॅमेरा लिहिले, आणि पान उघडले, आणि पूल होता. मिटलेला होता, वर बर्फाचा पातळ थर होता, आणि क्रेन अगदी जवळ आले होते. तोच नव्या गवाक्षाने पुसिले, हे पान मराठीत वाचावयाचे काय. जुन्याने असे कधी पुसिले नव्हते. राणीसाहेबांनी होय केले आणि अक्षरे पालटली. तळाशी जो शिलालेख म्हणोन महाराज वर्षानुवर्षे मानीत आले तेथे लिहिले होते, 'कृपया पुलावरून बदकांना खायला घालू नये.' महाराज बहुत वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले, मग इतके हसले की त्यांस पाणी द्यावे लागले. आणि वरती लिहिले होते की नवा उंच पूल खुला जाहला आहे, जुना पूल शनिवारी दुपारी बारा वाजता शेवटचा उचलला जाईल, सर्वांनी यावे, कॉफी आणि केक मिळेल, आणि रखवालदार श्री. ब्रोडर त्याच दिवशी निवृत्त होतील.

"ब्रोडर," विद्याधरराव बोलिले, "तुमच्या दगडोबाचं नाव ब्रोडर."

"त्यांच्याकडे असेल," महाराज बोलिले.

मार्गशीर्ष शुद्ध नवमी, शनिवार, तिकडले बारा म्हणजे येथले साडेचार. चहाची वेळ. कुमुदबाई केक घेऊन आल्या, का तर तेथे केक आहे म्हणोन येथेही असावा. चौघे खुर्च्या लावून बसले. पुलाच्या दोन्ही तीरांस माणसे जमली होती, मुले बापांच्या खांद्यांवर होती, आणि रखवालदार पिवळे जाकीट घालून सायकलीवरून आला, सायकल कठड्यास टेकविली आणि सावकाश आत गेला. मग पूल दुभंगला आणि पाखे वर जाऊ लागली. आवाज येत नव्हता, परंतु महाराज हळूच सांगत गेले, आता वजन खाली येतंय, आता दाते फिरतायत, आता पूर्ण उभा. एक लहानसे मासेमारी गलबत मधून गेले. तेव्हा महाराज खुर्चीवरून उठून उभे राहिले, आणि विद्याधररावही हातातली बशी खाली ठेवून उभे राहिले. पाखे उभीच ठेविली, पुन्हा मिटविली नाहीत. रखवालदार बाहेर आला, आणि त्यास जावयाचे होते नदीच्या पैल तीरास, घर तिकडे असावे. परंतु पूल आता उघडा. तो क्षणभर सायकल धरून उभा राहिला, मग सायकल फिरवून नव्या पुलाच्या लांब वाटेने निघाला. महाराज बोलिले, "लांब पडेल त्याला." राणीसाहेब बोलिल्या, "सवय होईल." महाराज तो कॅमेऱ्याच्या टोकातून दिसेनासा होईतो उभे होते, मग बसले, आणि चहा गार जाहला होता तो तसाच प्याले.

पुढे आठवडाभरात पाखे कापून नेली. कॅमेरा कोणी काढिला नाही. महाराज सकाळी एच दाबीत आणि सगळा पत्ता आपल्या हाताने लिहीत, कारण आता त्यांस तो पाठ जाहला होता. पहिले काही दिवस नव्या द्वारपाळाने हॉटेलच पुढे केले, मग पूल हेडफोनाखाली आला, मग हॉटेलाखाली, आणि एके सकाळी एच दाबिताच प्रथम पूलच आला. विद्याधररावांनी पाहिले आणि विचारिले, "भाऊसाहेब, आता तिथे काही नाही. यादीतून काढून टाकू?" महाराज बोलिले, "हात लावू नका." आणि राणीसाहेब आतून बोलिल्या, "काय दिसतंय?" आणि महाराज बोलिले, "पाणी आहे. भरती येतेय."

एणेंप्रमाणे वर्तमान. जुने गवाक्ष गेले, जुना पूल गेला, नव्या द्वारपाळास घरची ओळख पटली. त्या नदीत आता गलबते पुलासाठी खोळंबत नाहीत, सरळ जातात. महाराज आणि राणीसाहेब मात्र तेथे रोज थोडा वेळ थांबतात.